चढाला लागल्यावर कळतं

गाडीची किल्ली सासऱ्यांनी घरात मागितली असती, तर शिवांजलीने ती निमूट दिली असती आणि मागाहून स्वयंपाकघरात भांडी आपटून राग काढला असता. पण भाऊसोंनी ती मागितली गावच्या दूध डेअरीसमोर, बुधवारी सकाळी पावणेसातला, किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या वीस-पंचवीस माणसांदेखत.

"उतर खाली," ते म्हणाले. "आन किल्ली दे हिकडं."

झालं होतं एवढंच, की मळ्यातल्या घरून निघून ओढ्याच्या पुलावरून डेअरीचा चढ चढताना गाडीने आचके दिले होते. शिवांजलीने पाय दाबला की इंजिन पुढे जायचं सोडून खोकायचं, दचकायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा खोकायचं. पंधरा दिवस हे असंच चाललं होतं. त्या दिवशी मागून उसाची ट्रॉली हॉर्न वाजवत आली, आणि गाडी कशीबशी वर येऊन डेअरीच्या दारातच बंद पडली. भाऊसो रांगेत तिसऱ्या नंबरला उभे.

शिवांजली उतरली. किल्ली दिली.

"नाचता येईना अंगण वाकडं," भाऊसो म्हणाले, आणि तिला नव्हे, रांगेला म्हणाले. "क्लच दाबून दाबून मारली बघा गाडी. मी बावीस वर्सं पलटणीत गाड्या हाकल्या, एकीनं कवा आचका दिला न्हाई. बाईमाणसाला इंजिनाची कदर आसती व्हय?"

रांग हसली. समोरच्या गॅरेजचा अमृत, पाना हातात धरून, तोही हसला. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणायची सोय नव्हती, कारण जीभ पलटणीतून सुभेदार होऊन आलेल्या भाऊसोंची होती आणि गावात सुभेदारांच्या जिभेला उलट उत्तर द्यायची रीत नव्हती. शिवांजली जेवणाचा डबा हातात घेऊन तोच चढ पायी उतरली आणि ओढा ओलांडून घरी आली. तिच्या कानांच्या पाळ्या घरी येईपर्यंत तापलेल्या होत्या.

ती मिरजेला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. आठला हजर राहावं लागे, कारण उपाशी पोटाने रक्त द्यायला आलेली माणसं आठला दारात बसलेली असतात. गावातून सुटणारी पहिली एसटी मिरजेला पोचते साडेनऊला. म्हणजे गाडी आहे तर नोकरी आहे, एवढा सरळ हिशेब. लग्नाआधी चार वर्षं शिकून मिळवलेली नोकरी. त्या दिवशी तिने लॅबच्या मॅडमना फोन केला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शिवांजली, हा आठवडा मी सांभाळून घेते. सोमवारी आठला तू आली नाहीस तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

आणि रात्री जेवताना भाऊसोंनी जाहीर केलं, की रविवारी विट्याचा एक माणूस गाडी बघायला येतोय.

"इकून टाकू. कटकट नको."

गाडी शिवांजलीच्या नवऱ्याची होती. शिवतेज सैन्यात, तिकडे सरहद्दीवर. त्याने सुट्टीत घेतलेली ती जुनी पांढरी पेट्रोल गाडी, आणि जाताना बायकोला म्हणाला होता, तू चालव. आता फोनवर मात्र तो बापाचीच बाजू घेत म्हणाला, "दादा म्हणत्यात तर ऱ्हाऊ दे की थोडे दिवस. मी आल्यावर बघू." त्याची सुट्टी मार्चमध्ये होती. शिवांजलीने फोन ठेवला नाही, पलंगावर फेकला.

बुधवारी उताराला सोडून घरी आणलेली गाडी गुरुवारी भाऊसोंनी स्वतः अमृतकडे नेली. विकायची तर विकायची, पण सुभेदाराची गाडी आचके देते असं कुणी म्हणायला नको. शिवांजलीही मागोमाग गेली. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेली.

अमृतने बॉनेट उघडलं आणि हत्यार उचलण्याआधी हात जोडले. बॅटरीमागे लाल फडक्याची एक पुरचुंडी कोंबलेली होती. खंडेनवमीला भाऊसो गाडीची पूजा करायचे ती काही हार घालून, टायरखाली लिंबू चिरडून भागायची नाही. नारळाची वाटी, गुळाचा खडा आणि मूठभर तांदूळ लाल फडक्यात बांधून ते इंजिनाशेजारी बसवायचे. पलटणीतल्या कुठल्याशा उस्तादाने शिकवलेलं. बसवलेला नैवेद्य पुढच्या नवमीपर्यंत हलवायचा नाही, आणि तो हलवला तर गाडी रुसते, अशी त्यांची पक्की समजूत. घरातल्यांनाच काय, अमृतलाही हे ठाऊक. त्याने पुरचुंडीला धक्का न लावता, अंग चोरून काम केलं. प्लग बदलले, हवेचा फिल्टर झटकला, आणि उभ्या गाडीला रेस दिली. इंजिन घोगऱ्या आवाजात छान गरजलं. एकदा नाही, दहादा.

"बगा सुभेदार, वाघ हाय गाडी," अमृत म्हणाला.

"चालवून बघितली का?" शिवांजलीने विचारलं.

"उभ्या गाडीवरच कळतंय की वैनी. आमी काय आज बघतोय व्हय गाड्या?"

"चढावर, पाय दाबून?"

अमृतने भाऊसोंकडे पाहिलं. भाऊसोंनी आभाळाकडे पाहिलं. मग ते गाडीत बसले आणि घरी निघाले. तिसऱ्या गिअरमध्ये, पंचवीसच्या वेगाने, पाय पेडलवर नुसता ठेवल्यासारखा. पेट्रोल म्हणजे सरकारी माल, ते सांडायचं नाही, ही त्यांची नोकरीतली सवय मळ्याच्या रस्त्यावरही सुटली नव्हती. अंगणात उतरून ते म्हणाले, "लोण्यावानी आली. दोष गाडीत न्हाई."

उरलेलं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

"मामा," शिवांजली म्हणाली, "पंचवीसनं माझ्याकडं बी आचके देत न्हाई ती. तुमी माझ्यासंगं चढावर चला. पाय दाबा आन बघा."

"पाय दाबा! बैल हाय व्हय तो, टाच मारायला?"

"मिरजेच्या रोडला ट्रॉलीला ओलांडायचं आसतं मामा. पंचवीसनं ट्रॉलीच मला ओलांडंल."

"तर मग जाऊच नगो," भाऊसो म्हणाले आणि किल्ली बंडीच्या खिशात घालून आत गेले.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. राग नुसता सासऱ्यांचा नव्हता. तिला दोन दिवस स्वतःच्या पायाचाच संशय येत होता. खरंच आपण क्लच अर्धा दाबून ठेवतो का? खरंच आपल्याला जमत नाही का? चारचौघांनी एकच गोष्ट हसून सांगितली की ती खोटी असली तरी अंगाला चिकटते, आणि त्या चिकटण्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

तिचे वडील सयाजी मेढ्याचे. तीस वर्षं त्यांनी मेढा-सातारा वडापची जीप चालवली होती, बारा माणसं आत, चार टपावर, आणि समोर घाट. लहानपणी शिवांजली त्यांच्या जीपच्या पुढच्या सीटवर बसून शाळेला गेली होती. शुक्रवारी पहाटे तिने गोठ्यामागे जाऊन त्यांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, रांगेच्या हसण्यासकट.

सयाजी हसण्याबद्दल काही बोलले नाहीत. ते म्हणाले, "उभी गाडी खोटं बोलती पोरी. चढाला लागली की खरं बोलती. मला येवढंच सांग, आचके सकाळी जास्त देती का दुपारी?"

शिवांजली थांबली. हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "सकाळी. दव पडल्यालं आसतं तवा. दुपारी येताना कमी."

"पेट्रोल भरल्यावर फरक?"

"न्हाई."

"मग पेट्रोल न्हाई, ठिणगी हाय. दवानं वायर भिजती आन ठिणगी प्लगला जायाची सोडून वाटंतच पळती. वझं पडलं की जास्तच पळती. तुझा पाय धुतल्या तांदळासारखा हाय." मग जरा थांबून त्यांनी पुढची रीत सांगितली. गाडी अंधारात घाल, वायरींवर पाण्याचा फवारा मार, आणि कुणालातरी रेस द्यायला बसव. जिथून पळत असेल तिथे दिसेल.

कुणालातरी म्हणजे कुणाला? अमृत सासऱ्यांचा माणूस. शेजारचे सगळे रांगेतले. आणि किल्ली बंडीच्या खिशात.

शनिवारी दुपारी भाऊसो तासगावला माजी सैनिकांच्या बैठकीला गेले, बंडीसकट. शिवांजली अंगणात गाडीच्या बंद दाराकडे बघत उभी होती. सासू शालूबाई, जिला ती आत्ती म्हणायची, शेंगा फोडत ओसरीवर बसली होती. चाळीस वर्षांच्या संसारात शालूबाईचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"किल्ली पायजे व्हय?" शालूबाई म्हणाली.

शिवांजली वळली.

शालूबाई उठून आत गेली आणि कुंकवाच्या डब्यातून एक किल्ली घेऊन आली. दात्यांत लाल कुंकू बसलेलं. "दुसरी हाय. गाडी आणली त्या दिवशी शिवतेजनं माझ्यापाशी ठिवली. मला कुणी इचारलंच न्हाई, दुसरी कुटं हाय म्हणून."

"आत्ती, मामांनी बघितलं तर..."

"बघू दे."

दिवस मावळायला आला तसं दोघींनी म्हशी बाहेर बांधल्या, गोठ्याच्या खिडक्यांवर पोती टाकली, आणि शिवांजलीने गाडी तोंड पुढे करून आत घातली, धूर आत कोंडू नये म्हणून सायलेन्सर दाराबाहेर ठेवून. दारावर ताडपत्री सोडली. आत मिट्ट काळोख आणि शेणाचा वास. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांपुढे दगड. शालूबाई आयुष्यात पहिल्यांदा चालकाच्या सीटवर बसली. नेसूचा पदर खोचला आणि विचारलं, "काय दाबू?"

"उजवीकडचं. नुसता पाय टेकवा."

शालूबाईने टेकवला आणि इंजिन असं ओरडलं की तिने "अगं बया" म्हणून पाय उचलला. दुसऱ्या वेळी तिने जोडवी घातलेला अनवाणी पाय जपून ठेवला आणि दाबत नेला. शिवांजलीने इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन वायरींवर फवारा मारला. पहिली वायर, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरीवर पाणी पडलं आणि टक् करून निळी ठिणगी इंजिनाच्या अंगावर उडाली. टक्, टक्, टक्. इंजिन खोकलं, दचकलं, अगदी चढावर खोकायचं तसंच.

"दिसलं!" शिवांजली ओरडली. "आत्ती, दिसलं! बंद करा!"

तिने टॉर्च लावला. तिसऱ्या वायरीचं खालच्या बाजूचं रबर कुरतडलेलं होतं, बारीक बारीक दातांनी, पार आतल्या तारेपर्यंत. वायरीखाली काळ्या लेंड्या. लेंड्यांची ओळ बॅटरीकडे गेलेली. ती जिथे संपली तिथे लाल फडक्याची पुरचुंडी, समोरून जशीच्या तशी आणि मागून फाडलेली. शिवांजलीने ती ओढून काढली. नारळाची वाटी घासल्यासारखी साफ होती. गूळ नव्हता. तांदळाचा दाणा नव्हता. फडक्याच्या चिंध्या आणि उसाचा पाला घालून आत गुबगुबीत घरटं केलेलं. दिवाळीनंतर शेजारच्या रानातला ऊस तुटला होता, आणि ऊस तुटला की तिथले उंदीर घराकडे पळतात हे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. सुभेदारांनी त्यांच्यासाठी महिनाभर आधीच पान वाढून ठेवलं होतं, आणि जेवून झाल्यावर उंदरांनी शेजारची वायर तोंडी लावली होती.

शिवांजलीने ती फाटकी पुरचुंडी मुठीत धरली. तिला हसूही आलं नाही, रडूही आलं नाही. तिला फक्त डेअरीची रांग दिसत होती.

तेवढ्यात ताडपत्री सरकली. दारात भाऊसो. तासगावहून आलेले, इंजिनाचा आवाज ऐकून धावलेले.

"कुणी लावली गाडी?"

"मी," सीटवरून शालूबाई म्हणाली.

भाऊसोंनी बायकोला चालकाच्या सीटवर बसलेलं पाहिलं. शालूबाईने त्यांच्याकडे न बघता किल्ली फिरवली आणि पाय दाबला. या वेळी जपून नाही. शिवांजलीने फवारा मारला. टक्, टक्, टक्. निळी ठिणगी उडत राहिली.

भाऊसोंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं गाड्या हाकलेला माणूस. ते वाकले, वायर बघितली, लेंड्या बघितल्या, आणि सुनेच्या हातातलं लाल फडकं बघितलं. शालूबाईने इंजिन बंद केलं. गोठ्यात नुसता धुराचा आणि गरम रबराचा वास उरला.

"अमृतला दिसलं कसं न्हाई ह्ये?" भाऊसो म्हणाले.

बस्स. तिथे शिवांजलीचा बांध फुटला.

"अमृतनं हात जोडले ह्याला!" तिने ती रिकामी वाटी त्यांच्यापुढे धरली. "तुमी बसवल्यालं म्हणून त्यानं बाजूनं हात घातला. त्यानं उभ्या गाडीवर बघितलं, तवा तुमी आभाळाकडं बघितलं. आन आता त्याच्या अंगावर ढकलताय? चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत मामा तुमी! पंधरा दिवस मी तुमाला सांगत हुते, गाडी चढावर आचके देती. तुमी एक डाव, एक डाव माझ्यासंगं बसला न्हाईत. बावीस वर्सं तुमी गाड्या हाकल्या, आन माझ्या बानं तीस वर्सं घाटात हाकल्या, पण त्यानं मला इचारलं, कवा देती, कशी देती. तुमी रांगंला सांगितलं, बाईमाणसाला कदर न्हाई!"

भाऊसोंनी काहीतरी बोलायला ओठ हलवले.

"आवं, गप ऐका," शालूबाई सीटवरून म्हणाली. आवाज चढवला नाही, पण भाऊसो गप्प झाले.

मग भाऊसोंनी बंडीच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि सुनेपुढे धरली.

शिवांजलीने ती घेतली नाही. "घरात काढून घेतली आसती तर घरात परत घेतली आसती," ती म्हणाली. "डेअरीपुढं घेतलीया. डेअरीपुढंच द्या."

रविवारी सकाळी ती एसटीने तासगावला जाऊन वायरींचा नवा जोड घेऊन आली आणि वडिलांना फोनवर धरून स्वतः बसवला. भाऊसो दोन हात लांब टॉर्च धरून उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं. तिने त्यांना "जरा हिकडं धरा" एवढंच तीन वेळा म्हटलं, त्यापलीकडे एक शब्द नाही. विट्याचा माणूस आला. त्याला भाऊसोंनी चहा पाजला आणि गाडी विकायची नाही म्हणून वाटेला लावला. शालूबाईने दुसरी किल्ली पुसून पुन्हा कुंकवाच्या डब्यात ठेवली.

सोमवारी साडेसहाला भाऊसो इस्त्रीची पँट घालून अंगणात उभे होते. किल्ली त्यांच्याकडे, म्हणून तेच चालकाच्या सीटवर बसले. शिवांजली डबा मांडीवर घेऊन शेजारी. रानावर दव होतं. पूल ओलांडून गाडी चढाला लागली तशी ती पहिल्यांदा बोलली.

"दाबा."

भाऊसोंनी पाय दाबला. गाडी एक आचका न देता, सरळ, ओढून धरल्यासारखी वर गेली. भाऊसोंचा हात स्टिअरिंगवर घट्ट झाला.

डेअरीसमोर त्यांनी गाडी थांबवली. रांग तीच होती, किटल्या त्याच. अमृत शटर वर करत होता. भाऊसो उतरले. एका हातात लाल फडकं आणि कुरतडलेली वायर, दुसऱ्या हातात किल्ली.

"ऐका रं," ते म्हणाले. रांग वळली. "गाडी सुनंनं मारली न्हाई. मी मारली. ह्यो माझा नैवेद्य. उंदरांनी खाल्ला आन संगं वायर बी खाल्ली." त्यांनी वायर वर धरली. आवाज परेडवरचा होता, पण शेवटाला जरा फाटला. "तिनं शोधून काढलं. मला सापडलं न्हाई, अमृतला सापडलं न्हाई."

रांगेत मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाकी सगळे आपापल्या किटल्यांकडे बघत राहिले. अमृत शटरच्या आत गेला तो बाहेर आलाच नाही.

भाऊसोंनी किल्ली पुढे केली. शिवांजलीने ती घेतली. रात्रभर तिने मनात बरंच काही जुळवलं होतं, रांगेतल्या एकेकाचं नाव घेऊन. पण घड्याळात पावणेसात वाजले होते आणि मिरजेला दारात माणसं उपाशी बसणार होती. ती चालकाच्या सीटवर बसली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या डोळ्यांना लावला.

"मामा, घरी चालत जाल न्हवं?"

"जाईन की," भाऊसो म्हणाले.

तिने गाडी काढली. पन्नास पावलं गेल्यावर आरशात तिला ते दिसले. इस्त्रीच्या पँटमध्ये, लाल फडकं हातात धरून, सगळ्या रांगेच्या डोळ्यांदेखत तो चढ पायी उतरायला निघालेले. बुधवारी ती डबा घेऊन तिथूनच उतरली होती.

समोर उसाची ट्रॉली होती. शिवांजलीने हॉर्न दिला आणि पाय दाबला.